स्पिटफायर घडवणारे आर. जे. मिचेल

१९४२ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, इंग्लंडमध्ये 'द फर्स्ट ऑफ द फ्यू' नावाचा सिनेमा आला. लेस्ली हॉवर्ड त्याचा दिग्दर्शकही होता आणि नायकही. नायक म्हणजे विमानांचे आराखडे करणारा एक हळवा इंजिनिअर. तो समुद्रकाठी पडून सीगल पक्ष्यांचं उडणं न्याहाळतो, तसंच विमान करायचं स्वप्न बघतो, जर्मनीला जाऊन तिथली युद्धाची तयारी बघून हादरतो. डॉक्टर सांगतात विश्रांती घ्या, तो ऐकत नाही. शेवटी देशासाठी विमान पूर्ण करतो आणि अतिश्रमाने जातो. हा नायक म्हणजे स्पिटफायर या लढाऊ विमानाचे कर्ते आर. जे. मिचेल.

सिनेमा सुंदर आहे, पण त्यातले मिचेल पुष्कळसे कल्पनेतले आहेत. खरे मिचेल बांध्याने दणकट, खेळांची आवड असलेले, लाजाळू आणि तितकेच तापट होते. ते अतिश्रमाने गेले नाहीत, कॅन्सरने गेले. आणि स्पिटफायर पक्ष्यांकडे बघून सुचलं नव्हतं. ते एका सपशेल फसलेल्या विमानातून जन्माला आलं. सिनेमाने गाळलेल्या या दोन गोष्टी, एक आजार आणि एक अपयश, त्यांच्या आयुष्यात जवळजवळ एकाच वेळी आल्या. त्यांची खरी गोष्ट तिथे आहे असं मला वाटतं.

रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ रोजी इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात झाला. स्टोक-ऑन-ट्रेंटचा तो भाग चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. भट्ट्यांचा धूर, कोळसा, कामगारांची वस्ती असा सगळा परिसर. वडील आधी शाळामास्तर होते, पुढे त्यांनी छापखान्याच्या धंद्यात जम बसवला. पाच भावंडांच्या घरात रेजिनाल्ड कबुतरं पाळायचा आणि कागद, बांबू, दोरा यांची खेळण्यातली विमानं करून उडवायचा. राईट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्यामुळे विमान ही गोष्ट त्याच्याबरोबरच मोठी झाली म्हणायला हरकत नाही.

सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि १९११ साली तो केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. दिवसभर तेल, ग्रीस, लोखंडाचा कीस आणि संध्याकाळी रात्रशाळा. तिथे तो यंत्रांची ड्रॉइंग, यंत्रशास्त्र आणि वरच्या पायरीचं गणित शिकला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. रात्रशाळेत मिळवलेलं गणित आणि हातांना कळलेलं लोखंड, एवढ्या भांडवलावर तो पुढे गेला.

१९१७ साली त्याने साउथहॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत अर्ज केला. कंपनी इचेन नदीच्या काठी वुलस्टनला होती आणि मुख्यतः पाण्यावर उतरणारी विमानं बनवायची. मुलाखत झाली, नोकरी मिळाली, आणि तो परत गावी न जाता तिथेच राहिला, सामान मागाहून मागवून घेतलं. पुढच्या वर्षी त्याने फ्लॉरेन्स डेसन यांच्याशी लग्न केलं. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या होत्या. १९२० साली मुलगा झाला, गॉर्डन. दरम्यान १९१९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मिचेल कंपनीचे मुख्य आरेखक झाले होते. त्यांच्या कामाची किंमत कंपनीला नीट माहीत होती. १९२८ साली व्हिकर्स या मोठ्या कंपनीने सुपरमरीन विकत घेतली, तेव्हा सौद्यातली एक अट अशी होती की मिचेल यांनी अजून पाच वर्षं तिथेच काम करायचं.

ऑफिसात त्यांचा दरारा होता. ड्रॉइंग बोर्डावर वाकून ते तासन् तास विचार करत बसत, आणि त्या वेळी कोणी मध्येच बोललेलं त्यांना खपत नसे. सहकाऱ्यांनी त्यावर एक युक्ती शोधली होती म्हणतात. मागून त्यांची मान बघायची. ती लाल व्हायला लागली की आल्या पावली परत फिरायचं. पण हेच मिचेल एखादा प्रश्न अडला की सगळ्यांना बोर्डाभोवती जमवत, प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेत, त्यांच्यात वाद होऊ देत, आणि मग निर्णय स्वतः घेत.

त्यांचं नाव जगभर झालं ते श्नायडर ट्रॉफीमुळे. ही पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची आंतरराष्ट्रीय शर्यत. १९२२ साली नेपल्सला त्यांच्या सी लायन विमानाने ती जिंकली. १९२५ साली त्यांचं एस.४ हे देखणं विमान अमेरिकेत बाल्टिमोरला स्पर्धेआधीच पाण्यात कोसळलं, सुदैवाने वैमानिक वाचला. मग १९२७ साली व्हेनिसला एस.५ जिंकलं, १९२९ साली एस.६ जिंकलं. १९३१ साली सरकारने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी एक लाख पौंड दिले आणि एस.६बी हे विमान उतरलं. ट्रॉफी कायमची ब्रिटनकडे आली. त्याच महिन्यात, २९ सप्टेंबर १९३१ रोजी, एस.६बीने ताशी ४०७.५ मैल, म्हणजे सुमारे ६५६ किलोमीटर वेग गाठून जागतिक विक्रम केला. त्या वेळी हवाई दलातली लढाऊ विमानं याच्या जवळपास निम्म्या वेगाने उडत होती.

पण हा वेग फुकट मिळालेला नव्हता. १९२८ साली एस.५ घेऊन वेगाचा विक्रम करायला निघालेले किंकेड नावाचे वैमानिक समुद्रात कोसळून गेले. आपण काढलेल्या रेघांवर दुसऱ्या कोणाचा तरी जीव टांगलेला असतो, ही जाणीव मिचेल यांना कायम असायची. नव्या विमानाच्या चाचणीच्या वेळी ते अस्वस्थ असत.

आता त्या अपयशाकडे येऊ. १९३१ साली ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने नव्या लढाऊ विमानासाठी कंपन्यांकडून आराखडे मागवले. अपेक्षा होती की जगातलं सगळ्यात वेगवान विमान करणारे मिचेल इथे सहज बाजी मारतील. त्यांनी टाइप २२४ नावाचं विमान केलं आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते उडालं. ते जड होतं. पंख जाड होते आणि मुळाशी खाली वाकवलेले होते. चाकं आत जात नव्हती, त्यांच्यावर पायजम्यासारखी जाड आवरणं होती. सगळ्यात मोठी डोकेदुखी इंजिन थंड ठेवण्याची. गॉसहॉक इंजिनातलं पाणी उकळून त्याची वाफ पंखांच्या पुढच्या कडेत जायची, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी व्हायची आणि पंप ते पाणी परत इंजिनाकडे ढकलायचे. कागदावर कल्पना छान होती. प्रत्यक्षात ते पाणी इतकं गरम असायचं की पंपातच त्याची पुन्हा वाफ व्हायची, पंप अडकायचा आणि इंजिन तापायचं. एवढं सगळं करून वेग होता ताशी २२८ मैल. शेवटी त्या मागणीतून ग्लॉस्टर ग्लॅडिएटर हे जुन्या वळणाचं, दोन मजली पंखांचं विमान निवडलं गेलं. जगज्जेत्या मिचेल यांना हा केवढा धक्का असेल!

पण त्याआधीच त्यांना एक मोठा धक्का बसलेला होता. ऑगस्ट १९३३ मध्ये त्यांना गुदाशयाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. मोठं ऑपरेशन झालं. पोटावर कायमचा कृत्रिम शौचमार्ग करावा लागला, ज्याला डॉक्टर कोलोस्टॉमी म्हणतात. आज त्यासाठी चांगल्या पिशव्या मिळतात, सल्ला देणारे लोक असतात, तरीही त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. १९३३ साली तर विचारायलाच नको. वय अडतीस, घरी बारा वर्षांचा मुलगा, आणि रोग परत येण्याची शक्यता डॉक्टरांनी लपवलेली नव्हती. कोणीही अशा वेळी काम सोडलं असतं तर त्याला नाव ठेवता आलं नसतं. मिचेल काही महिन्यांत कामावर परतले. त्यांना काय झालंय हे ऑफिसात फार थोड्यांना माहीत होतं. इतकंच नाही, तर पुढच्या वर्षी ते विमान चालवायला शिकले आणि जुलै १९३४ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जिवावर विमानं उडवली, आता स्वतः वर जाऊन बघू, असं त्यांना वाटलं असेल का? हा माझा आपला अंदाज.

आजारातून उठलेल्या या माणसासमोर एक फसलेलं विमान उभं होतं. त्याला डागडुजी करून वाचवता आलं असतं, आणि आधी तसे थोडे प्रयत्न झालेही. पण मग मिचेल यांनी ते बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर नवी रेघ ओढली. या विमानाला कंपनीत टाइप ३०० म्हणत. १९३४ च्या शेवटी कंपनीने स्वतःच्या हिमतीवर काम सुरू केलं आणि जानेवारी १९३५ मध्ये मंत्रालयाने त्याला अधिकृत मागणीचं रूप दिलं.

टाइप २२४ मध्ये जे जे चुकलं होतं त्याचं उत्तर नव्या विमानात सापडतं. गॉसहॉकच्या जागी रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन आलं, बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं. वाफेचा खटाटोप बंद झाला. थंड करण्यासाठी ग्लायकॉल आणि पंखांखाली बोगद्यासारखे रेडिएटर आले. त्यातून गरम होऊन मागे फेकली जाणारी हवा विमानाला किंचित पुढे ढकलायची, त्यामुळे रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघायचा. चाकं पंखात मिटू लागली. आणि पंख पातळ झाले.

स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार आहे. आकाशात खालून बघितलं तरी हे विमान ओळखू येतं ते त्यामुळेच. लोकांना वाटतं हा आकार सौंदर्यासाठी होता. खरं कारण व्यवहाराचं आहे. वेगासाठी पंख शक्य तितका पातळ हवा, पण त्याच पंखात मिटलेली चाकं आणि आठ मशीनगन बसवायच्या होत्या. पंख मुळाशी रुंद ठेवला आणि तो रुंदपणा टोकाकडे जाताना शेवटपर्यंत फारसा कमी होऊ दिला नाही, की पातळ पंखातही जागा मिळते. शिवाय लंबवर्तुळाकार पंखावर हवेचा भार सारखा वाटला जातो आणि ओढ कमी होते. हे गणित मुख्यतः बेव्हर्ली शेन्स्टन या कॅनडाच्या तरुण वायुगतिशास्त्रज्ञाचं. मिचेल यांना आकाराचं कौतुक नव्हतं, त्यात बंदुका मावतात की नाही एवढंच ते विचारत. पंखाला मुळापासून टोकापर्यंत किंचित पीळही दिलेला आहे. त्यामुळे वेग फार कमी झाला की पंखाचं मूळ आधी हवेची पकड सोडतं, विमान थरथरायला लागतं आणि वैमानिकाला वेळीच इशारा मिळतो. लढाईत या थरथरीने कित्येकांना वाचवलं.

५ मार्च १९३६ रोजी ईस्टलीच्या धावपट्टीवरून के५०५४ क्रमांकाचं पहिलं विमान मट समर्स यांनी उडवलं. उड्डाण सुमारे आठ मिनिटांचं होतं. मिचेल तिथे हजर होते. काही महिन्यांत नव्या प्रोपेलरसह या विमानाने ताशी ३४९ मैलांचा वेग दाखवला. टाइप २२४ पेक्षा हा वेग १२१ मैलांनी जास्त, आणि मधे गेली होती फक्त दोन वर्षं. जून १९३६ मध्ये सरकारने ३१० विमानांची मागणी नोंदवली. स्पिटफायर म्हणजे फटाकडी, तापट मुलगी. हे नाव व्हिकर्सचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्लीन यांनी दिलं, आपल्या मुलीला ते लाडाने तसं म्हणायचे. मिचेल यांना हे नाव अगदीच बावळट वाटलं होतं!

पुढची एक गंमत सांगायलाच हवी. विमानाच्या पत्र्यावरचे रिव्हेट सपाट ठेवायचे तर खर्च फार, गोल डोक्याचे लावायचे तर हवा अडते. मग नेमके कुठे सपाट हवेत हे कसं कळणार? विमानाच्या सपाट रिव्हेटांवर सुक्या वाटाण्याची डाळ गोंदाने चिकटवली. अर्धा वाटाणा म्हणजे एक गोल डोकं. सगळीकडे डाळ लावून विमान उडवलं तेव्हा वेग २२ मैलांनी घटला. मग एकेका भागातली डाळ काढत पुन्हा पुन्हा उडवलं आणि कुठे काटकसर चालेल ते ठरवलं.

कॅन्सर परत आला. १९३७ च्या सुरुवातीला मिचेल यांनी काम सोडलं. प्रकृती झेपेल तेव्हा ते मोटारीतून ईस्टलीला जात आणि गाडीतच बसून आपल्या विमानाची उड्डाणं बघत. एप्रिलमध्ये शेवटची आशा म्हणून ते व्हिएन्नाला उपचारांसाठी गेले, महिनाभर राहिले आणि काही फरक पडत नाही म्हटल्यावर घरी आले. ११ जून १९३७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते गेले. तोपर्यंत जगात एकच स्पिटफायर होतं. कारखान्यातून बाहेर पडलेलं पुढचं विमान त्यांनी पाहिलं नाही.

मिचेल यांच्या मागे हे काम मुख्यतः जोसेफ स्मिथ यांनी पेललं. सिनेमात या माणसाला जवळपास जागाच नाही, पण त्यांच्याशिवाय स्पिटफायर एक सुंदर नमुना म्हणून राहिलं असतं. तो वळणदार पंख कारखान्यात बनवणं महाकठीण होतं आणि सुरुवातीला उत्पादन फार रखडलं. ऑगस्ट १९३८ मध्ये डक्सफर्डच्या १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिलं विमान मिळालं. पहिल्या मालिकेतल्या या विमानाची लांबी ९.१२ मीटर, पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, इंजिनाची ताकद १०३० अश्वशक्ती आणि वेग ताशी सुमारे ३६० मैल. आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या, प्रत्येकीला ३०० गोळ्या. ऐकायला खूप वाटतं, पण घोडा दाबून धरला तर पंधराएक सेकंदांत सगळं संपायचं.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई दलाने ब्रिटनवर हल्ला चढवला. त्या लढाईत संख्येने जास्त होती हॉकर हरिकेन विमानं, आणि जास्त शत्रूविमानं पाडली तीही हरिकेननीच. पण जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ शी बरोबरीने झुंजू शकणारं विमान स्पिटफायर होतं. त्यातही दोष होता. विमानाने एकदम नाक खाली घातलं की मर्लिनच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर गचके खायचं. १९४१ साली बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी भोक पाडलेली एक छोटीशी चकती बसवून त्यावर तात्पुरता उपाय काढला. सप्टेंबर १९४० मध्ये वुलस्टनच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. कामगार मेले, आणि मिचेल यांच्या शेवटच्या आराखड्याचं, चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचं, बांधकामही नष्ट झालं. मग स्पिटफायरचे भाग धोबीखान्यांत, मोटार गॅरेजांत, बस डेपोंत बनू लागले. बनवणाऱ्यांत बायका आणि शाळकरी वयाची पोरंही होती.

या लढाईत आपल्याकडचीही नावं आहेत. १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनने ब्रिटनच्या लढाईत डॉर्सेटमधून स्पिटफायर उडवली आणि पुढे ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर आलं. त्याच्या बोधचिन्हावर निजामाचा शिरपेच होता. १२४ (बडोदा) आणि १२२ (मुंबई) ही स्क्वाड्रनंही स्पिटफायरचीच. ज्यांच्या पैशातून ही नावं दिली गेली त्या संस्थानांतल्या रयतेला यातलं किती ठाऊक होतं कोण जाणे. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशात ही विमानं चालवली आणि १९४७ साली काश्मीरमध्ये श्रीनगरहून उडालेल्या विमानांत स्पिटफायर होती.

स्मिथ यांनी इंजिनं बदलली, तोफा बदलल्या, शेपूट बदललं. चोवीस मालिका निघाल्या आणि वीस हजारांहून जास्त विमानं बनली. शेवटच्या मालिकेचं इंजिन पहिलीच्या जवळपास दुप्पट ताकदीचं होतं. ब्रिटिश हवाई दलातलं स्पिटफायरचं शेवटचं युद्धकालीन काम १ एप्रिल १९५४ रोजी मलायात झालं, मिचेल यांना जाऊन सतरा वर्षं होत आली होती तेव्हा.

आणि ते सीगल? गंमत म्हणजे सीगल नावाचं विमान मिचेल यांनी खरंच केलं होतं. दुमजली पंखांचं, बेढब, संथ, पाण्यावरही उतरणारं. पुढे त्याचं नाव वॉलरस झालं. युद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणायचं काम ते करायचं, आणि त्या वैमानिकांत स्पिटफायरचेही वैमानिक असायचे. सिनेमाला हे विमान दाखवावंसं वाटलं नाही, कारण त्यात काव्य नाही.

युद्धाच्या काळात लोकांना धीर द्यायला एक स्वच्छ, सुंदर मृत्यू हवा होता हे मी समजू शकते. आतड्याचा कॅन्सर आणि पोटावरची पिशवी पडद्यावर कोण दाखवणार? पण आपण साहित्याचे विद्यार्थी. चरित्रातून काय गाळलं गेलं हे बघणं आपलं काम आहे. इथे गाळला गेला तो एक दुखरा, संकोचलेला, तापट माणूस. त्याला स्वतःच्या शरीराची लाज वाटत असेल, आपल्या शेवटच्या विमानाचं अपयश डोळ्यांसमोर असेल, आणि तरी तो सकाळी उठून ऑफिसात गेला, जुना कागद बाजूला सारला आणि सगळ्यांना बोर्डाभोवती बोलावलं. माझ्यापुरतं विचाराल तर पक्ष्यांकडे बघणाऱ्या नायकापेक्षा मला हा माणूस जास्त जवळचा वाटतो.